मुलीच्या लग्नाला अडीच वर्षं झाली, बायोडेटा अजून फिरतोय

शेंगा_चटणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी इथं वाचतेच जास्त, लिहीत फारशी नाही. पण मागच्या रविवारी घरी जे घडलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. नातेवाइकांत सांगायची सोय नाही, कारण निम्मे नातेवाईक या प्रकरणात आहेत.

आम्ही सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहतो. रविवारी पाण्याचा दिवस होता. बाहेरगावच्यांसाठी सांगते, आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांनी येतो आणि त्या दिवशी घरात दुसरं काही सुचत नाही. मी पाइप घेऊन पिंपं भरत होते, तेवढ्यात गेटापुढं गाडी थांबली. साठीचे एक गृहस्थ, त्यांची पत्नी आणि मागं मान खाली घातलेला तिशीचा मुलगा. कर्नाटकातल्या इंडीकडचे. मराठी बोलत होते, पण कानडी वळणाचं. बाईंच्या हातात पेढ्यांचा पुडा, गृहस्थांच्या हातात घडी घातलेला कागद. कागदावर माझ्या लेकीचा फोटो.

"तुमची मुलगी तीन महिने झाले आमच्या मुलाशी इन्स्टाग्रामवर बोलतीय. सगळं ठरल्यासारखं आहे. आठ दिवस झाले, फोन बंद आहे, म्हणून पत्त्यावर आलो." मुलीनं म्हणे आधी परीक्षेच्या फीसाठी आठ हजार घेतले, मग आईच्या ऑपरेशनसाठी पंचवीस हजार. ती ऑपरेशनवाली आई म्हणजे मी. पदर खोचून, पाइप हातात धरून त्यांच्यासमोर उभी.

लेकीचं लग्न २०२३ च्या मे महिन्यात झालं. ती पुण्याला असते, आठ महिन्यांचं बाळ आहे. मंडळींना आत बसवलं, चहा केला, लग्नाचा अल्बम पुढं ठेवला. तो मुलगा एकेक पान उलटत गेला. एका पानावर थांबला, मग अल्बम मिटून आईकडं दिला. भांडायला आले असावेत, पण भांडणार कुणाशी? पेढ्यांचा पुडा टीपॉयवर तसाच राहिला. अजून फ्रीजमध्ये आहे. खाववत नाही, टाकवतही नाही.

कागद आमचाच. २०२२ साली ह्यांनी कॉम्प्युटरवर केलेला, वर गणपती, कोपऱ्यात फोटो. खालचा मोबाइल नंबर तेवढा कुणीतरी बदललेला. बाकी सगळं जसंच्या तसं: पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण, रास, नक्षत्र, गण, नाडी, रक्तगट, शिक्षण, कंपनीचं नाव, पगार, वडिलांची नोकरी, आईचं माहेरचं आडनाव, मामाचं गाव, घराचा पत्ता. घर स्वतःचं आहे हे सुद्धा. तीन वर्षांत मी तो कागद पन्नास वेळा बघितला असेल, पण चोराच्या नजरेनं परवा पहिल्यांदा बघितला.

हा बायोडेटा मी फक्त माझ्या सख्ख्या भावाला पाठवला होता. त्यानं समाजाच्या चार वधू-वर ग्रुपवर टाकला. तिथून पुढं कुठं गेला ते सिद्धेश्वरालाच माहीत. परवा भावाला फोन केला तर तोच रुसला. "भाचीसाठी केलं, आता मलाच आरोपी करलालीस?" म्हणाला.

माझे प्रश्न दोनच. गेलेला बायोडेटा परत आणता येतो का? आणि चूक नक्की कुणाची धरायची? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चौथ्या_दिवशी_पाणी

बाप रे. रुमाल टाकून ठेवते, रात्री सविस्तर लिहिते. आईच्या ऑपरेशनला पैसे आणि आई पाइप धरून समोर, हे वाचून हसू आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

कडक_भाकरी

ताई, चूक कुणाची ते नंतर. आधी त्या इंडीच्या लोकांचा नंबर असेल तर आजच्या आज त्यांना १९३० वर फोन करायला सांगा. ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीसाठी तीच हेल्पलाइन आहे, पैसे पुढं सरकायच्या आत खातं गोठवता येतं. पंचवीस हजार जाऊन किती दिवस झाले ते बघा, जितका उशीर तितकी आशा कमी.

दुसरं, लेकीनं स्वतःच्या खात्यावरून त्या खोट्या खात्याची तक्रार करावी, "हे माझं सोंग घेतलंय" असा पर्याय असतो. तक्रारीआधी त्या खात्याचे, फोटोंचे, जमलं तर मुलाशी झालेल्या बोलण्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. खातं उडालं की पुरावाही उडतो. आमच्या ऑफिसातल्या एकीनं घाईत आधी खातं उडवलं आणि मग पोलिसांपुढं दाखवायला हातात काहीच नाही.

होटगी_रोड

थोडा वेगळा सूर लावतो, हलके घ्या. बायोडेटा हा फिरवण्यासाठीच असतो की! पूर्वी पत्रिका मामा, आत्या, शेजारी यांच्या हातून गावोगाव जायच्याच. तेव्हा कुणी प्रायव्हसी-प्रायव्हसी केलं नाही. ज्यानं फसवलं त्याला धरा, फिरवणाऱ्या मामाला कशाला? आणि आपल्यासारख्यांकडं लपवण्यासारखं असतं तरी काय.

नंदीध्वज

@होटगी_रोड, लपवायला काही नाही ना, मग इथं खऱ्या नावानं लिहा की बे.

होटगी_रोड

:) मान्य. पॉइंट तुम्हाला.

गुरुजी_निवृत्त

होटगी_रोड यांनी "पूर्वी" काढलं म्हणून लिहितो. मी बहात्तर वर्षांचा आहे, पूर्वी म्हणजे काय ते थोडं पाहिलेलं आहे.

माझ्या बहिणीची पत्रिका आमच्या वडिलांनी हातानं चार प्रतींत काढली होती. कोणती प्रत कुणाकडं गेली हे डायरीत टिपलेलं असे. स्थळ जुळलं नाही की पत्रिका परत यायची, "योग नाही" एवढंच लिहून. परत न पाठवणं असभ्य समजत. मध्यस्थ दोन्ही घरं ओळखणारा असे, आणि उद्या काही वावगं निघालं तर गावात त्याचं तोंड दिसे. पत्रिका त्या माणसाच्या अब्रूवर फिरायची. आता ग्रुपवर हजारभर माणसं असतात, त्यातला एकही तुमच्या भावाला तोंडओळखीनंही ओळखत नाही.

आणखी एक. वर्तमानपत्रातल्या वधू पाहिजे, वर पाहिजे या छोट्या जाहिराती आठवतात का? त्यात नाव नसे, पत्ता नसे. "२४, पदवीधर, गोरी, गृहकृत्यदक्ष" वगैरे आणि खाली बॉक्स नंबर. पत्रं वर्तमानपत्राच्या कचेरीत यायची, तिथून घरी. आवडलं स्थळ तरच आपण आपलं नाव कळवायचं. ज्या पिढीला आपण साधीभोळी म्हणतो तिनं हे बरोबर ओळखलं होतं. (गोरी नि गृहकृत्यदक्ष सोडून द्या. त्यावर वेगळा धागा निघेल.)

शेंगा_चटणी

गुरुजी, बॉक्स नंबर! माझ्या मोठ्या नणंदेचं लग्न तसंच जमलं होतं. सपशेल विसरले होते.

काळा_कोट

इथल्या कोर्टात वकिली करतो. हा सल्ला नव्हे, कट्ट्यावरच्या गप्पा समजा.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं. घटनेच्या कलम २१ मध्ये तो येतो. याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांची, मूळ वाद आधारचा. निकाल थोर आहे, पण तो हक्क मुख्यतः सरकारपुढं उभं राहायला. सख्ख्या मामापुढं तो घेऊन जाता येत नाही.

मग २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि माहिती गोळा करणाऱ्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. कशासाठी घेता ते सांगून संमती घ्या, काम संपलं की माहिती पुसा, माणसानं संमती मागं घेतली की थांबा. मोडलं तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. ऐकायला भारी. आता त्याच कायद्याचं कलम ३ वाचा. एखाद्यानं स्वतःच्या वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरली तर हा कायदा लागूच नाही. म्हणजे मामा सुटला. आणि जी माहिती माणसानं स्वतःहून जाहीर केली तिलाही लागू नाही. बायोडेटा ग्रुपवर टाकणं म्हणजे जाहीर करणं का, आणि मुलीच्या वतीनं मामानं केलेलं "स्वतःहून" होतं का, यावर उद्या कोर्टात तासन्‌तास वाद होतील आणि आमची पोटं भरतील. फी घेऊन नोंदणी करणारी मंडळं आणि वेबसाइटी मात्र या कायद्याच्या तावडीत येतील असं मला वाटतं.

तुमच्या प्रकरणात सरळ लागू होतं ते आयटी कायद्याचं कलम ६६ डी, दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकावरून फसवणूक, तीन वर्षांपर्यंत कैद. पैशाची तक्रार त्या मुलाकडच्यांनी करायची, ओळख वापरल्याची तुम्ही. सायबर पोर्टलवर करा किंवा ठाण्यात अर्ज द्या, पण पोच घ्या. आरोपी सापडेल का हे सांगता येत नाही. पण उद्या दुसरं कुटुंब दारात आलं तर त्या पोचेचा कागद दाखवता येईल. त्याच्यासाठी तरी कराच.

ऑनसाइट_सोलापूरकर

जर्मनीतून लिहितोय (इथं शून्याखाली सहा आहे आणि मला घरच्या हुरड्याची आठवण येतेय, असो).

ताईंचा किस्सा वाचून मला २०१८ चं केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण आठवलं. फेसबुकवर व्यक्तिमत्त्व चाचणीचं एक ॲप होतं, त्यातून गोळा झालेली माहिती राजकीय प्रचाराच्या धंद्यात गेली. जगभरातले ८ कोटी ७० लाख लोक त्यात सापडले असतील, असं फेसबुकनंच सांगितलं. पण मला कायम लक्षात राहिलाय तो भारताचा आकडा. ते ॲप भारतात घेतलं होतं ३३५ जणांनी. माहिती गेली असेल अशा भारतीयांची संख्या ५ लाख ६२ हजार.

कसं? ॲप घेणाऱ्याबरोबर त्याच्या मित्रयादीतल्या लोकांचीही माहिती उचलायची मुभा फेसबुकनं तेव्हा दिलेली होती. त्या साडेपाच लाखांनी काहीच दाबलं नव्हतं. म्हणजे ३३५ मामा आणि साडेपाच लाख भाचरं.

आपण सेटिंग बदला, पासवर्ड बदला म्हणतो, ते सगळं आपल्या फोनपुरतं. ताईंनी त्यांच्या फोनला सात कुलपं लावली असती तरी बायोडेटा फिरलाच असता, कारण तो भावाच्या फोनमध्ये होता. माझा नंबर माझ्या शाळेतल्या चाळीस मित्रांच्या फोनमध्ये आहे. त्यातल्या एकानं कुठल्या ॲपला कॉन्टॅक्ट लिस्ट दिली की मी तिकडं पोचलो. मला विचारतो कोण?

इथं युरोपात २०१८ पासून कडक कायदा आहे, आणि त्याआधी २०१४ ला एका स्पॅनिश माणसानं युरोपच्या कोर्टात गुगलविरुद्ध खटला जिंकला होता. कर्जापायी त्याच्या घराचा लिलाव निघाल्याची १९९८ ची नोटीस त्याच्या नावाच्या शोधात वर येत होती, ती काढायला लावली. वर्तमानपत्रातली मूळ नोटीस मात्र राहिली जागेवरच. विसरलं जावं म्हणून भांडला आणि त्या कर्जापायीच जगभर माहीत झाला.

नंदीध्वज

३३५ मामा!! हे स्टेटसला ठेवणार. (तुमची परवानगी घेऊन, म्हटलं धाग्याचा विषय आहे.)

झेरॉक्सवाला

नाव बघूनच धंदा कळला असेल. शहराच्या पूर्व भागात आपलं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. कबुली द्यायची म्हणून लिहितो.

लोक येतात, म्हणतात "व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, प्रिंट काढ". आधार, पॅन, पासबुक, मार्कशीट, भाडेकरार, बायोडेटा. मी प्रिंट देतो, ते दहा रुपये देतात, जातात. फाइल? ती डाउनलोड फोल्डरमध्ये. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीणची गर्दी होती तेव्हा तर दिवसभर बायकांची रांग, रात्री दुकान बंद करताना मान मोडून आलेली. फाइली पुसायचं डोक्यातच नाही. या धाग्याची लिंक बायकोनं पाठवली म्हणून परवा तो फोल्डर उघडला. अकरा हजारांच्या वर फाइली. अर्ध्या भागाचं आधार माझ्या कॉम्प्युटरमध्ये आणि तो कॉम्प्युटर हाताखालचं पोरगं पण वापरतं.

आणि ताई, तुमच्या बायोडेटात एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली नसेल. ई-आधारची पीडीएफ उघडायला पासवर्ड काय असतो? नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि जन्मसाल. दोन्ही बायोडेटावर छापलेलं. कितीतरी बँकांच्या स्टेटमेंटचे पासवर्डही नाव आणि जन्मतारीख जोडूनच असतात. आईचं माहेरचं आडनाव तर जुना सुरक्षा-प्रश्न. म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच कागदावर.

त्याच रात्री बसून सगळं पुसलं. आता दुकानात पाटी लावलीय: "प्रिंट झाल्यावर तुमच्यासमोर फाइल डिलीट करून मिळेल." पहिल्या दिवशी एकानं विचारलं, त्याचे वेगळे किती घेणार?

आधार द्यायचंच असेल तर मास्क केलेलं काढा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब लावलंत तर निघताना लॉगआउट करा. माझ्याकडं एका काकांचे मेसेज चार दिवस येत होते. चौथ्या दिवशी मीच फोन करून सांगितलं.

चौथ्या_दिवशी_पाणी

झेरॉक्सवाले दादा, तुमचं दुकान कुठं ते सांगा, मी उद्यापासून तुमच्याकडंच येणार.

अनामिका_पूर्वभाग

नवीन आयडी काढून लिहितेय. आमच्या घरी तेलुगू बोलतात, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

इथं सगळे "माझा फोन, माझं सेटिंग" म्हणताहेत. आमच्या घरात चांगला फोन एकच. आई विड्या वळते, तिच्या ठेकेदाराचे फोन त्यावर, बचत गटाचे त्यावर, माझं कॉलेजचं त्यावर, भावाचे रील त्यावर. पासवर्ड सगळ्यांना माहीत. मी माझ्या चॅटला वेगळं लॉक लावलं तर भाऊ विचारतो, "काय लपवलालीस गं?" लपवायचं काही नव्हतं. मैत्रिणीनं तिच्या घरचं रडगाणं मला एकटीला सांगितलं होतं, ते चार जणांनी वाचू नये एवढंच.

भावानं काही वर्षांपूर्वी एका ॲपवरून पाच हजारांचं कर्ज घेतलं. ॲपनं कॉन्टॅक्ट मागितले, त्यानं अलाऊ दाबलं. हप्ता चुकला आणि फोन सुरू. त्याला नाही, माझ्या कॉलेजच्या मॅडमना, माझ्या मैत्रिणींना, आईच्या ठेकेदाराला. "तुमच्या ओळखीची बाई पैसे बुडवून बसलीय." फोन आईच्या नावावर ना. आई दोन दिवस विड्या द्यायला गेली नाही. नंतर कळलं, सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम केला की कर्जाच्या ॲपनं कॉन्टॅक्ट, फोटो, कॉलची यादी यांना हात लावायचा नाही. आमचं होऊन गेलं होतं.

त्या फोनमध्ये तीनशे नंबर होते. भावानं तीनशे जणांच्या वतीनं अलाऊ दाबलं. वर ३३५ मामांचं वाचलं आणि आमच्या घरातला मामा आठवला.

कडक_भाकरी

अनामिका, मराठी कुठंही चुकलेलं नाही. उलट एवढं नीट आम्हाला लिहिता येत नाही.

वधूवर_ॲडमिन

धागा चार दिवस वाचतोय, आता राहवत नाही. मी आमच्या समाजाचा वधू-वर ग्रुप चालवतो. नऊ वर्षं झाली, एक पैसा घेत नाही. आमच्या ग्रुपवर जमलेल्या लग्नांच्या पत्रिकांचा ढीग कपाटात आहे. तेव्हा सरसकट सगळ्यांना एका मापानं मोजू नका.

पण मनातलं सांगतो, आमच्याच्यानं होत नाही. लग्न जमलं की मी ग्रुपवरचा बायोडेटा काढतो. "सर्वांसाठी डिलीट" ला मुदत असते, साधारण अडीच दिवसांची. लग्न काय अडीच दिवसांत जमतं? मुदतीत काढला तरी ज्यानं पीडीएफ उतरवून ठेवली त्याच्याकडं ती राहतेच. ग्रुपवर कोण आहे म्हणाल तर कुणी कुणाला लिंक दिली, कोण आत आलं, हजार माणसांत मला काय कळणार? एकदा एक सदस्य चक्क क्रेडिट कार्ड विकणारा निघाला. वडिलांच्या पगारावरून फोन करायचा.

गुरुजींचा बॉक्स नंबर मी दोन वर्षांपूर्वी करून बघितला, नाव न देता. ग्रुपवर फक्त क्रमांक, वय, शिक्षण, तालुका. आवडलं तर मला फोन करा, मी दोन्हीकडं विचारून नंबर देतो. महिन्यात दीडशे लोक ग्रुप सोडून गेले. "फोटो नाही, पगार नाही, मग बघायचं काय?" शेजारच्या ग्रुपवर सगळं उघडं मिळत होतं, तिकडं गेले. मी पुन्हा जुन्या पद्धतीवर आलो. आता तुम्हीच सांगा.

गुरुजी_निवृत्त

ॲडमिनसाहेब, तुमची अडचण खरी आहे. तरी सुचवतो. पहिल्या पानावर फोटो ठेवा, आडनाव, घराचा पत्ता, जन्मवेळ आणि कंपनीचं नाव काढा. पगार "अमुक ते अमुक" असा. दुसरं पान बोलणी सुरू झाल्यावर, थेट त्या घरच्या माणसाला. फोटोवरच तिरप्या अक्षरांत महिना, साल आणि कुठल्या ग्रुपसाठी ते छापा. तीन वर्षांनी कुणी तो कागद घेऊन दारात आला तर कुठून निघाला ते तरी कळेल.

काळा_कोट

त्यात भर. स्थळांसाठी वेगळं सिम घ्या, लग्न झालं की बंद. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत ग्रुप्सपुढं "माय कॉन्टॅक्ट्स" करा, म्हणजे अनोळखी माणूस परस्पर ग्रुपात ओढू शकत नाही. ही सोय २०१९ पासून आहे, आमच्या बारमधल्या निम्म्या वकिलांना माहीत नाही.

पाचवी_पाहुणी

माझं वय २७, कांदेपोहे चार वेळा झालेत, म्हणून विचारते. काकू, राग मानू नका. वर सगळ्यांनी मामाला विचारलं, ॲडमिनला विचारलं, कायद्याला विचारलं. तुमच्या मुलीला विचारलं होतं का? बायोडेटा भावाला पाठवताना?

माझा बायोडेटा कुठं कुठं आहे हे मला एका अनोळखी मुलाकडून कळलं. त्यानं लिंक्डइनवर मेसेज केला, "तुमचा गण राक्षस आहे ना?" ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. आईला विचारलं तर म्हणाली, "अगं, सगळे असंच करतात." वैर्‍यांनी नाही पाठवला, तिनंच पाठवला होता. माझ्या पगाराचा आकडा आत्याला माझ्याआधी कळलेला असतो.

होटगी_रोड

आता मात्र मी गप्प बसतो. माझ्याही घरात एक लग्नाची मुलगी आहे. विचारलेलं नाही.

शेंगा_चटणी

पाचवी_पाहुणी, राग नाही. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण द्यायला नव्हतं.

विचारलं होतं. तेच तर. ती म्हणाली होती, "आई, फोटो नको टाकू, आधी बोलणं होऊ दे." मी म्हटलं बरं. आणि भावाचा फोन आला, "फोटोशिवाय कोण बघतं", तेव्हा मीच पाठवला. चुलतबहिणीच्या लग्नातला, अबोली साडीतला. तिला सांगितलं नाही. पहिल्या पोस्टमध्ये मी "फक्त माझ्या भावाला पाठवला होता" असं लिहिलंय, ते वाचून तिनं काल फोन केला. हा धागा तिला सापडला होता. काही बोलली नाही जास्त. म्हणाली, "फक्त मामाला, होय?" एवढंच.

आणि आता सांगतेच आहे तर हेही. नातू झाला तेव्हा मी त्याच दिवशी स्टेटसला फोटो टाकला. नाव ठरलं तसं नाव, जन्मवेळ, हॉस्पिटल, सगळं. लेक म्हणाली काढ, तर मी रुसले. आजीला एवढाही हक्क नाही का म्हटलं. भाऊ माझ्यावर रुसला तेव्हा त्याचाही हाच सूर होता, आता लक्षात आलं. काल फेसबुकवरचे त्याचे एकशे चौदा फोटो काढले. एक ठेवलाय, तिला विचारून. पाठमोरा आहे, झबल्यातला.

चौथ्या_दिवशी_पाणी

काकू, _/\_

नंदीध्वज

अवांतर: परवा सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या गर्दीत एकजण रील काढत होता. मी पोराला खांद्यावर घेतलेलं, कॅमेरा थेट तोंडासमोर. एरवी मी हात हलवला असता. या धाग्यानं डोकं फिरवलंय, मी त्याला म्हटलं पोराचा काढू नको. तो म्हणाला, "काका, फेमस होईल की!" म्हटलं चौथीत आहे, आधी पाढे होऊ दे. काढला नाही बिचाऱ्यानं.

शेंगा_चटणी

खुलासा देऊन ठेवते, विचारलं होतं बऱ्याच जणांनी.

खोटं खातं लेकीच्या तक्रारीनंतर तिसऱ्या दिवशी निघालं. तिच्या फोटोचं अजून एक सापडलंय, त्याची तक्रार केलीय. आमचा अर्ज पोलिसांत दिला, पोच घेतली. इंडीच्या मंडळींना १९३० चं सांगितलं होतं, त्यांनी केलाही फोन, पण पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते. मुलाच्या वडिलांनी पुन्हा फोन केला तो वेगळ्याच कामाला. पेढ्यांचं विचारत होते, खाल्लेत का म्हणून. खोटं बोलले, खाल्ले म्हटलं. मग फोन ठेवून खरंच एक खाल्ला.

भाऊ आता त्याच्या मुलाचा बायोडेटा करतोय. मला आधी पाठवला, "बघ, पत्ता काढलाय, कंपनी काढलीय, झालं का समाधान?" बघितला. पत्ता नाही, जन्मवेळ नाही. पगार मात्र वाढवून लिहिलाय. मुलाला विचारलंस का म्हटलं तर म्हणाला, विचारतो संध्याकाळी.

आणि आत्ता हे टाइप करताना ह्यांच्या फोनवर कुणाचा तरी फोन आला. लातूरहून. बायोडेटा बघितला म्हणाले, मुलगी पसंत आहे. मी सांगितलं, लग्न होऊन अडीच वर्षं झाली, नातू आहे. पलीकडून जरा वेळ आवाज नाही. मग विचारलं, "बरं, धाकटी कुणी आहे का?"